गाठ माझ्या बाजूची

११ जानेवारी १९६८, धुळे
इं. ३८. आज डावीकडे. कंपाउंडर म्हणतो, "बाई, उद्या उजवीकडे, लक्षात ठेवा." जशी काही मी विसरणार आहे! दोन्हीकडे धड बसता येत नाही. इंजेक्शननंतर तासभर कानात रातकिडा. पी.ए.एस. औषधाचे दाणे ताकाबरोबर गिळले, तसेच वर आले. पुन्हा गिळले.
शालूला शिरपूरला नेऊन आज सत्तावीस दिवस. ह्यांची बहीण, कुसुमवन्सं, घेऊन गेली. सहा वर्षांची पोर, वेणीसुद्धा स्वतःची घालता येत नाही तिला. सासूबाई, म्हणजे सगळ्या गल्लीच्या अक्का, एकच धरून बसल्यात: "गाठ जाई तवय पोर येई."
माझ्या मानेत आवळ्याएवढी गाठ. ती पोरीला काय करणार?

१५ जाने.
डॉ.ना सरळ विचारलं, माझ्यामुळे मुलीला लागेल का? छातीचा फोटो पुन्हा उजेडात धरला. फुप्फुसं साफ, थुंकीत काही नाही. गाठीतला टी.बी. खोकल्यातून उडत नाही म्हणाले. "मग लिहून द्या." दिलं लिहून. वर म्हणाले, "तुम्हाला कुणाकडून तरी लागलाच असेल. घरातल्या सगळ्यांना आणा, हाताला टोचून तपासायचंय. मुलीलाही."
चिठ्ठी ह्यांनी घरी मोठ्याने वाचली. अक्का: "कागदले काय समजस?" ह्यांनी घडी घालून खिशात ठेवली. कोर्टातला कारकून, कागद खिशात गेला की ह्यांचं काम संपतं. इतका राग आला की

३ फेब्रु.
गाठ वाढली. आवळ्याची लिंबाएवढी झाली. शेजारी दुसरी, बोराएवढी. दोन महिने औषध चालू असताना! आरशापुढे बसून रडले. लिहून ठेवते, म्हणजे नंतर बढाया मारता येणार नाहीत.
अक्कांना आयतंच मिळालं. साक्रीकडच्या एका गावात डाग देणारा आहे म्हणे. तापलेल्या सळईने गाठीभोवती तीन डाग. रविवारी सकाळी, उपाशीपोटी. त्यानंतर दवाखान्याचं औषध बंद. गाठ बसली की आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोर घरी. हे म्हणाले, "करून पाहू एकदा. शालूसाठी."
शालूचं नाव काढलं की मी गप्प बसते, हे ह्यांना चांगलं ठाऊक आहे.

५ फेब्रु.
डॉ.पुढे मान केली. "वाढली. आता?" ते अजिबात घाबरले नाहीत. म्हणाले, ही गाठ म्हणजे गावाबाहेरचा नाका समजा. आत शिरलेले जंतू शरीराने इथे अडवले, भोवती शिपाई उभे केले. त्या गर्दीनेच ती फुगते. आता औषधाने जंतू मरून फुटताहेत, ते तुकडे बघून शिपाई जास्तच चवताळलेत.
"म्हणजे औषध चुकलं नाही?"
"बहुतेक नाही. पण दीड वर्ष सोडायचं नाही. मधेच सोडलंत तर उरलेले जंतू पुढे या औषधाला दाद देणार नाहीत."
'बहुतेक' आवडलं नाही. पण थापा मारणारा माणूस 'बहुतेक' म्हणत नाही.
येताना पांझरेच्या पुलावर थांबले आणि गाठीला हात लावला. दसऱ्यापासून शिव्या देतेय तिला. ती तर माझ्या बाजूची निघाली.

११ फेब्रु., रविवार
टांगा दारात. अक्का इरकली नेसून तयार. हे चपला घालून उभे. मी स्वयंपाकघरात गेले, कळण्याची भाकरी घेतली, ठेचा घेतला, बाहेर येऊन सगळ्यांसमोर उभ्या उभ्या खाल्ली. मग आणखी एक. खाल्लेल्या माणसाला तो डाग देत नाही.
अक्का: "खादं? तू खादं?"
"हो अक्का, पोटभर."
टांगा परत गेला. शालू, तुझी आई तुला आणायची सोपी वाट सोडून बसली आहे. मोठी झालीस की भांड माझ्याशी.

२२ फेब्रु.
सोमवारी सगळ्यांच्या हाताला टोचलं होतं, आज सूज मोजायची. (समन्स आल्यासारखे हे सगळ्यांना घेऊन गेले. शालू सोडून. शिरपूरहून कोण आणणार!) ह्यांचा जरासा फुगलेला. अक्का हात पुढे करीनात. पदर बाजूला केला तर वर हळद-चुन्याचा लेप! सूज उतरवायला गुपचूप लावलेला. मला एवढे महिने मान झाकून ठेवायला सांगणाऱ्या अक्का. डॉ.नी लेप धुवायला लावला, बोटाने चाचपून पट्टी ठेवली. सगळ्यांत मोठा फुगा अक्कांचा.
"माले काय व्हयनं? माले कधी खोकला नही!"
डॉ. हसले. "काही झालं नाही, आजी. जंतू कधीतरी आत आलाय, शरीराने त्याला कोंडून ठेवलंय. त्याची ओळख अजून विसरलं नाही, म्हणून हात फुगला. इथल्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा फुगतो." तरी छातीचा फोटो काढवला.
रस्त्यात मी बोललेच. "अक्का, आता माझ्यासारखं तुमचंही ताट कुणी वेगळं मांडायचं?" वाईट बोलले. बोलून बरं वाटलं.

२६ फेब्रु.
अक्कांचा फोटो साफ. मलाही हायसं वाटलं, का कोण जाणे. माझं ताट मात्र अजून वेगळंच.

१९ मार्च
गाठ मऊ झाली होती. डॉ.नी बाजूने सुई घालून पू काढला. पिवळा, दह्यासारखा. "यात त्यांचे मेलेले आहेत, आपलेही." आपलेही. दिवसभर तेच डोक्यात. मानेला पट्टी. पदर न घेता भाजी आणायला गेले. ज्यांना बघायचं त्यांनी बघितलं.

२० एप्रिल
कुसुमवन्संचं कार्ड. आखाजीला येते. शालूला इथेच ठेवते, माझ्या सासूबाई बघतील, गाठ अजून आहे असं दादाने कळवलं.
दादाने कळवलं! हे मान खाली घालून जेवत होते.
खाली वाकड्या अक्षरात: आई माझा दात पडला.
कार्ड घेऊन अक्कांसमोर बसले. "आखाजीला लेक कुठे येते?"
"आईकडे. माहेरले."
"मग शालू कुणाची लेक?"
"ती लगीन झायेल लेकीनी गोठ शे."
"लग्न न लावताच सासरी धाडलीत की तुम्ही तिला! मी मुराळी पाठवणार."
"कोणले?"
"मीच जाते."
लेकीला न्यायला मुराळी म्हणून भाऊ जातो, काका जातो. आई गेलेली ऐकली नाही कधी. पण आलेल्या मुराळ्याला रिकाम्या हाताने परत पाठवल्याचंही कधी ऐकलं नाही.

२९ एप्रिल, शिरपूर, एस.टी. स्टँड (पेन्सिलीने)
निघताना अक्का: "पोरले संगे लई उनी ते दार बंद शे, समजी ले." कुसुमवन्सं कालच घरी धुळ्याला आलीय, झोका बांधून झालाय. हे म्हणाले, "मी काय करू?" म्हटलं, दार उघडा. एवढंच करा.
इथे वन्संच्या सासूबाई दारात. "मुराळी कोण शे?" "मी." मानेची पट्टी बघत राहिल्या. मी पदर घेतला नाही. मग म्हणाल्या, "मुराळीले बाहेर उभं ठेवतस का? ये घरमा." गूळ-पाणी दिलं. रडू आलं, गुळाबरोबर गिळलं.
शालू कणगीमागे. उंच झालीय. जवळ येईना.
"ती गाठ चावते?"
"कुणी सांगितलं?"
"आजीनं."
"चावते. पण तुला नाही."
बोट लावलं. झटकन काढलं. पुन्हा लावलं.
आता शेजारी बसून शेंगदाणे खातेय, पडलेल्या दाताच्या फटीतून टरफलं उडवतेय. गुरुवारी डॉ.कडे तिचा हात. फुगेल की नाही, माहीत नाही. भीती वाटते. इं. उद्या चुकवायचं नाही.
धुळ्याची गाडी लागली. दार बंद असेल तर ओट्यावर बसू दोघी. उद्या आखाजी, गल्लीतल्या सगळ्या लेकी समोरून झोक्यावर जातील. बघते, अक्का आपल्या नातीला किती वेळ बाहेर बसवतात.