आवाज येतोय, बोलत राहा

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची परदेशात! चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात नोकरी, तिसऱ्या मजल्यावर खोली. खोलीत पलंग, टेबल आणि ओटा. पलंगावर बसल्या बसल्या ओट्यावरचा चहा गाळता येतो, इतकी ऐसपैस! घरमालकीणबाईंनी किल्ली देताना सांगितलं, की इंटरनेट भाड्यातच धरलंय. त्याचा वेग म्हणजे आमच्या सासूबाईंनी कुणाचा निरोप घेणं. निघाले निघाले म्हणत तासभर दारातच.

संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल लावला. नवरा, सासूबाई आणि माझी पाच वर्षांची बिट्टी, तिघंही एका चौकटीत कोंबलेली. अकराव्या मिनिटाला माझं चित्र तोंड उघडं ठेवून थांबलं म्हणे. बिट्टी आधी हसली आणि मग रडत बसली.

७ मार्च, शुक्रवार

कॉल रोज तुटतो, पोरगी रोज रडते. म्हणून आज सासूबाईंना चक्क थाप मारली. माझं चित्र थांबलं तरी फोन ठेवायचा नाही, मला सगळं ऐकू येतं, बोलत राहायचं. खरं तर लाइन गेली की मला एक अक्षर ऐकू येत नाही. पण बिट्टी गप्पा मारत झोपून जाते, आणि सासूबाईंना बोलायला निमित्तच लागतं. मी इकडे निवांत भांडी घासते.

१२ मार्च, बुधवार

बिट्टी म्हणाली, कालची मांजरीची गोष्ट खूप आवडली. काल दुसऱ्याच मिनिटाला लाइन गेली होती. मी कसली गोष्ट सांगतेय! थापा मारण्यात पोर आईवर गेली, असं म्हणून मी हसले. तेवढ्यात सासूबाईही म्हणाल्या, की गोष्ट फार छान रंगवलीस. मी वेळ मारून नेली.

१४ मार्च, शुक्रवार

इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्यानं पेटी तपासली आणि सांगितलं, की रोज संध्याकाळी तासभर लाइन पार मेलेली असते. इथून काही जात नाही, काही येत नाही.

नेमकी त्याच तासात मी तिकडे म्हणे भरभरून बोलते. परदेशी जाऊन सून सुधारली, आता माझं ऐकून घेते, असं सासूबाई शेजारणींना सांगत सुटल्यात. मला भीती वाटतेय.

१७ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या ऑफिसातून नवऱ्याला फोन केला. लाइन खणखणीत. सगळं सांगितलं, थाप मारल्याचंही. त्यानं विचारलं, कोण बोलतंय. त्याची बायको तर आत्ता पडद्यावर आहे, बिट्टीची वेणी कशी घालायची ते आईला सांगतेय.

मी किंचाळले, बंद कर तो कॉल. त्यानं बंद केला. माझा.

१८ मार्च

दहाव्यांदा फोन लावला तेव्हा सासूबाईंनी उचलला. म्हणाल्या, सुनेनं बजावलंय, तिचा आवाज काढून एक बाई फोन करेल. मी लग्नातल्या, बाळंतपणातल्या खुणा सांगितल्या. त्या सगळ्या तिनं आधीच सांगून ठेवल्यात. सासूबाई रडायला लागल्या— आमच्या लेकराच्या मागे का लागलीस, म्हणाल्या—

२० मार्च

तिकीट काढलं. विमान परवा.

आज फोन बिट्टीनं उचलला. आई पडद्याला गाल लावायला सांगते, गाल खूप गार लागतो, म्हणाली. आणि उद्या आई मला तिकडे घेणार आहे. मी ओरडले, अगं, मी तुझी आई! तिनं घाबरून फोन टाकला.

२१ मार्च, दुपार

कॉल आपोआप लागला. एकदाही अडकत नाही— घर दिसतंय. सासूबाई पलंगाखाली शोधतायत, नवरा दारातून हाका मारतोय, बिट्टी, बिट्टी— मी ओरडतेय, त्यांना ऐकूच जात नाही—

कोपऱ्यात माझी छोटी चौकट. त्यात ही खोली. टेबलाशी मी, पाठमोरी. पण मोबाइल तर माझ्या समोर—

माझ्यामागे पलंगावर ती बसलीय, माझाच चेहरा. मांडीवर बिट्टी.

वळू? वळले आणि बिट्टी नसली तर—

आवाज आला. पडद्यातून नाही, पाठीमागून. बिट्टी तिला विचारतेय, आई, ती लिहीत बसलेली बाई कोण, आणि ती आपल्या खोलीत का—