चष्मा सापडला की वाचतो

मंगळवार, १६ जुलै २०१९. सकाळी १०
फिरून आलो. आजपासून डायरी. बोलून. मी बोलतो, लॅपटॉप टाईप करतो, आणि मग बाईच्या आवाजात वाचूनही दाखवतो. हे सगळं नातीसाठी, निकितासाठी आणलंय. चौथीत आहे. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, हिला अक्षरं वाचताना अडचण येते, बाकी हुशार आहे. मुलगा अनिरुद्ध आयटीत, त्याने पोरीसाठी एका संध्याकाळी सॉफ्टवेअर बसवून दिलं. मी फक्त सुपरव्हिजन करतो.
मला स्वतःला असल्या गोष्टींची गरज नाही. चष्मा सापडत नाही, एवढंच. खडकीच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं तेच झालं.
डायरी खाजगी. कोणी वाचू शकणार नाही. चष्म्याशिवाय मीसुद्धा नाही.

बुधवार, १७ जुलै
वर्षावास सुरू. विश्रांतवाडीच्या आमच्या विहारात तीन महिने दर रविवारी ग्रंथवाचन असतं. घरटी एक जण, दोन पानं, माइकवर. आमच्याकडून दरवर्षी बायको, प्रेमला, वाचते. यंदा यादीत माझं नाव! ११ ऑगस्ट. सेक्रेटरी गेनबा म्हणजे फॅक्टरीतला जुना मित्र. त्याला चष्म्याचं सांगितलं. म्हणाला, पोपटराव, पंचवीस दिवस आहेत, शोधा.

शनिवार, २० जुलै
पोह्यात शेंगदाणे नव्हते. प्रेमलाला बोललो नाही. माझा स्वभाव शांत. फक्त इथे नोंद.

रविवार, २१ जुलै
पोह्यात मूठभर शेंगदाणे! चाळीस वर्षांच्या संसारात बायको मनातलं ओळखायला लागते.

गुरुवार, २५ जुलै
निश्चय. उद्यापासून पहाटे साडेपाचला उठून अर्धा तास वाचनाचा सराव. कुणी उठायच्या आत.

शुक्रवार, २६ जुलै
हवा कुंद. सराव नाही.

मंगळवार, ३० जुलै
निकिता वर्गात उभी राहून वाचायला नाही म्हणाली. मुलं हसतात म्हणे. आणि वर म्हणते, आजोबा तरी कुठे वाचतात? मी शांतपणे समजावलं की माझी गोष्ट वेगळी, माझा चष्म्याचा प्रश्न आहे. तिने खिडकीतला चष्मा आणून हातात दिला.
मुलांनी मोठ्यांच्या वस्तूंना हात लावू नये.

शुक्रवार, २ ऑगस्ट
प्लॅन तयार. दोन्ही पानांचे फोटो फोनमध्ये, ब्लूटूथ कानात. बाई कानात वाचणार, मी तिच्या मागोमाग बोलणार. फॅक्टरीत साहेबाची इन्स्पेक्शन्स मी असेच ऐकून पाठ करून काढली आहेत. लोकांना सांगायचं, ऐकू कमी येतं, मशीन लावलंय. यात खोटं फारसं नाही.

सोमवार, ५ ऑगस्ट
बातमी पसरली. खालच्या तुळजाबाई जिन्यात माझ्या कानाशी जय भीम असं ओरडल्या की तीन दारं उघडली. दूधवाला खुणा करतो. प्रेमला मात्र नेहमीच्याच आवाजात बोलते. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

शनिवार, १० ऑगस्ट
रंगीत तालीम झाली. उत्कृष्ट. आकाशवाणीवर गेलो असतो तर नाव काढलं असतं. फोन चार्जिंगला लावायचा आहे. सकाळी बघू.

रविवार, ११ ऑगस्ट. दुपारी
अर्धं पान झकास गेलं. लोक थक्क. मग कानात बाई म्हणाली, बॅटरी पाच टक्के, चार्जर जोडा. तेही मी माइकवर म्हणालो, त्याच गंभीर आवाजात. तुळजाबाई हात जोडून बसल्या होत्या. हात न सोडता म्हणाल्या, आणू का?
फोन बंद पडला. विहारात सत्तर माणसं माझ्याकडे बघत होती. मी खिसे चाचपले. चष्मा डोळ्यांवर होता. सगळ्यांना दिसत होता.
तेवढ्यात निकिता उठून माझ्याजवळ आली. शब्दाखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली. एकेक शब्द. अडली की मी सांगायचो, ऐकून ऐकून पाठ झालं होतं. मग तिने माझं बोट धरून तिच्या बोटाशेजारी ठेवलं. राहिलेलं दीड पान दोघांनी मिळून पस्तीस मिनिटांत संपवलं. कोणी उठून गेलं नाही. कोणी हसलंही नाही.
लाज वाटली. फार बरंही वाटलं. हे फक्त इथे कबूल करतो.

सोमवार, १२ ऑगस्ट
प्रेमला म्हणाली, काल फार बरं वाटलं ना? म्हटलं, तुला कसं कळलं?
तर म्हणे, अहो, तुम्ही सातला फिरायला जाता. सव्वासातला निकिता लॅपटॉप उघडते. जी फाईल उघडी राहिलेली असते ती बाई मोठ्याने वाचून दाखवते. पहिल्या दिवसापासून आम्ही पोहे खात ऐकतोय. ३ तारखेला तुळजाबाईही होत्या.
म्हणजे पाच तारखेला जिन्यात ओरडल्या तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं!
यादीत माझं नाव प्रेमलानेच दिलं होतं. पोरीसाठी, म्हणाली. आणि चष्म्याचं तिला लग्नाआधीच कळलं होतं. माझी पत्रं गेनबाच्या अक्षरात असायची. तिची उत्तरं मला कोण वाचून दाखवतं हेही तिने ओळखलं होतं, म्हणून बेतानेच लिहायची. मी इतकी वर्षं समजत होतो, ही मुळात कमी बोलणारी आहे.

मंगळवार, १३ ऑगस्ट
आज हाताने टाईप. एक बोट. निकिता शेजारी. बाईचा आवाज बंद केला. पोह्यात मीठ जास्त होतं. एवढ्याला पाऊण तास.
आतून प्रेमला विचारते, आज बाई गप्प का? तुम्हीच वाचून दाखवा.
वाचतो. मिठाचं सोडून.