सुदेशची लाटमोजणी

२१ जुलै
मालवणात पोचले. सागरी केंद्रातली माझी खोली समुद्राकडे तोंड करून आहे, जेवणात तिरफळं घातलेला बांगडा. काम आवडीचं: लाटांचा अंदाज देणारा प्रोग्राम मूळ कोडपासून बांधायचा. इथला मोठा संगणक अकरा जण मिळून वापरतात. त्यात परस्पर काही बसवायची परवानगी नाही, म्हणून लागणारा एकेक भाग माझ्याच फोल्डरमध्ये, हाताने. जुनी बांधणी लाटा खऱ्यापेक्षा ठेंगण्या दाखवते. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, होड्या सुटतात. त्याआधी नवी पूर्ण हवी.

२३ जुलै
शिपाई भिकाजीकाका नव्या कामाआधी राखणदाराला, इथल्या जागेच्या देवाला, गाऱ्हाणं घालतात, काम करणाऱ्याचं नाव घेऊन. मी माझं नाव सांगितलंच नाही. ते म्हणाले, गो बाय, नाव घातला तर तो तुका वळाखता, नायतर दुसरोच कोण वळाखतलो. माझ्या आधी हे काम करणाऱ्या सुदेशनेही नाही म्हटलं होतं. गेल्या जुलैत तो बांधणी अर्धी टाकून होडीतून लाटा मोजायला गेला, परतला नाही. मी म्हटलं, संगणकाला फक्त कोड कळतो. काका हसले, मग त्येका तरी तुझा नाव सांग म्हणाले.

२६ जुलै
चौदा भाग झाले. पंधरावा ८७ टक्क्यांवर अडला: मोजणीची फाइल मागतोय. कोड ओळ न ओळ वाचला, त्यात तिचा उल्लेख नाही. दुपारी फाइल माझ्या फोल्डरमध्ये होती. मालक: सुदेश. केंद्रप्रमुख सारिकाताईंनी त्याचं खातं वर्षापूर्वीच बंद केलंय. माझ्यासमोर पुन्हा तपासलं. बंदच आहे.

२८ जुलै
फाइल तीनदा पुसली. तीनदा आली, दर वेळी एक ओळ जास्त. वेळ, जागा, पाण्याची उंची. जागा नकाशावर लावल्या: खडकांपलीकडे, मग धक्का, मग आमचं फाटक.
सारिकाताई म्हणाल्या, घरी जा. नाही गेले.

३० जुलै
नवी ओळ. जागा: माझी खोली. उंची चोवीस सेंटिमीटर.
फरशी कोरडी. सलवार खाऱ्या पाण्याने भिजलेली. पट्टी लावली. चोवीस.

३१ जुलै, सकाळ
जुनी बांधणी म्हणते, उद्या लाटा सव्वा मीटर. म्हणजे होड्या निघणार.
भिऊन सोडणार नाही. त्याचीच फाइल वापरते—

दुपार
९६ टक्के. पाणी नव्वद. फरशी अजून कोरडी.
फाइलमध्ये मोजणाऱ्याचं नाव बदललंय. सुदेशच्या जागी अपेक्षा. माझं नाव. मी लिहिलेलं नाही. पुसलं. परत आलं.
असू दे. बांधणी थांबणार नाही.

१०० टक्के. उद्या पहाटे साडेचार मीटर.
काकांना फोन लागला. आकडा सांगितला. ते धक्क्यावर ओरडत धावले— होड्या वर ओढताहेत, ऐकू येतंय— झालं माझं काम.
पाणी एकशे पन्नास. माझी उंची एकशे अठ्ठावन्न.
फोन चालूच आहे. कुणीतरी माझं नाव घेऊन हाक— काका नव्हेत. काकांना मी नाव कधी सां