चादरीअलीकडची उस्तानी

मंगळ., ९ जाने. १९४०, परभणी
जे आहे पण दिसत नाही, ते आहे हे दुसऱ्याला कसं पटवायचं? मला सांगता येत नाही. बी. ए. होऊनही.
आज पाचवीला 'व्हिजिबल' शिकवला. डोळ्यांना दिसतं ते व्हिजिबल. लिंगायत वाण्यांची गौरा गळ्याशी हात नेऊन म्हणाली, "बाई, माजं इष्टलिंग कापडाआड हाय. मंग ते न्हाई म्हनायचं का?"
म्हटलं, आहेच, फक्त नॉट व्हिजिबल.
"आन् देव रागावला तर?"
तास संपला. बरं झालं.

गुरु., ११
शनिवारी तपासणी. तपासणारे साहेब पुरुष, म्हणून वर्गात चादर बांधायची. मुली नि मी अलीकडे, ते पलीकडे. त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी मुस्तकिल, म्हणजे कायम, होणार. नाही झाली तर वडील गावी, पिंगळीला परत नेणार. पत्र आलंच आहे: "हंगामी नोकरीपायी लग्न किती दिवस लांबवायचं?"
मोठ्या उस्तानींना, म्हणजे हेडमास्तरीणबाईंना म्हटलं, माझ्यापुरती तरी चादर नको.
"बेटी, पहले मुस्तकिल हो जा, फिर दुनिया सुधार."
'बरं' म्हटलं. लाज वाटते.

शनि., १३
चादर आखूड निघाली.
साहेब पलीकडून म्हणाले, व्हिजिबलचं वाक्य करा. गौरा ताडकन उभी. "सर, युवर शूज आर व्हिजिबल."
मी डोळे मिटले.
"अच्छा. और?"
"वन सॉक इज व्हिजिबल. अदर इज नॉट."
मोठ्या उस्तानींनी घाईने चादर खाली ओढली. वरून साहेबांची टोपी दिसायला लागली. गौरा पुन्हा उठायलाच लागली होती. दंडाला धरून बसवली.
पलीकडे साहेब खोकत होते की हसत होते, कोण जाणे.

सोम., २२
शेरा आला. मुलींचं इंग्रजी उत्तम. 'उस्तानी पडद्याआड असल्याने नजरेस आल्या नाहीत. सबब त्यांच्या शिकवण्याबद्दल राय देता येत नाही.'
मग मुलींना शिकवलं कोणी? चादरीनं?
गौराला कळलं. "बाई, तुमीच नॉट व्हिजिबल झालात की!" आधी हसू आलं. मग घरी येऊन...

मंगळ., २३
मधल्या सुट्टीत साहेबांच्या कचेरीत जाऊन आले. एकटी. पदर डोक्यावरून, तोंडावरून नाही.
चपराशी म्हणाला, "बाई, जनान्याला मागलं दार हाय."
पुढच्याच दाराने गेले. टेबलासमोर उभी राहून नमस्कार केला. म्हटलं, "मी पाचवीची उस्तानी. आता राय लिहा." दौत त्यांच्यापुढे सरकवली.
साहेबांनी टाक उचलला. पण मान काही वर करेनात. घंटेला परत पोचायचं होतं, तरी हलले नाही.
शेवटी दौतीकडे बघतच म्हणाले, "आप... बैठिए."
बसले.