पांढुर्ण्याच्या पडद्यावरची झडती

सौंसर,
भाद्रपद शुद्ध तृतीया, १९८५

प्रिय दत्तू,

तुझं पत्र मिळालं. अक्षर शाळेत होतं तितकंच वाईट आहे, म्हणजे सिनेमाने तुला बिघडवलेलं नाही. मजकूर मात्र पार बिघडलाय. पुढच्या सिनेमात नायकाचं काम चालून आलेलं असताना तू दसऱ्याच्या आत निर्मात्याला नकार कळवणार आणि घरी येऊन वडिलांच्या, म्हणजे आमच्या भैय्याजींच्या, संत्र्याच्या बगीच्यात राबणार. का, तर म्हणे ‘आत्या, मला अभिनय येतच नाही. पहिल्या सिनेमात माझी एक चूक खपून गेली, एवढंच.’ चुका खपवण्याचा तुझा अनुभव मोठा आहे, हे तुझी संस्कृतची मास्तरीण या नात्याने मला मान्य आहे. पण जरा थांब. तो सिनेमा आम्ही काल पांढुर्ण्याला पाहिला.

आधी थोडं मागचं. तू लहानपणी किती भित्रा होतास, हे तुझ्या मुंबईच्या मित्रांना ठाऊक नसावं. शाळेच्या गॅदरिंगला तुझं पोट न चुकता दुखायचं आणि तुझी आई, जयवंतावहिनी, पडद्यामागे ओव्याची पुडी घेऊन उभ्या असायच्या. फक्त पोळ्याच्या दिवशी ते दुखत नसे. तोरणाखाली बैल उभे राहिले की भैय्याजी तुला खांद्यावर घ्यायचे आणि तू झडती म्हणायचास; सावकारापासून सरपंचापर्यंत कोणाचीही दोन ओळींच्या गाण्यात फजिती. तू थांबलास की भैय्याजी ‘एक नमन गौरा पार्वती’ अशी हाळी द्यायचे आणि अख्खं गाव ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणून उसळायचं. ती ‘गौरा’ ते अशी काही लांबवायचे की बैलही कान टवकारत. तू मुंबईला गेलास तेव्हापासून त्यांनी पोळ्यात तोंड उघडलेलं नाही. यंदाही बैलांची वेसण धरून उभे होते, आणि तोंड बैलांपेक्षा गंभीर. तुझं नाव निघालं की त्यांना विहिरीवरची मोटर आठवते आणि ते उठून जातात.

कालच्या खेळाला चला म्हटलं, तर म्हणाले, ‘मले टाइम नाही. बगीच्यात व्यापारी येऊन राहिला.’ मग मी आणि वहिनी बसने गेलो. एरवी टॉकीजमध्ये हिंदी मारामाऱ्या लागतात, पण काल पांढुर्ण्यात तिकिटासाठीच मारामारी होती. आदल्या दिवशी पांढुर्णा आणि नदीपलीकडचं सावरगाव यांची दगडफेकीची गोटमार झालेली, त्यामुळे डोक्याला पट्ट्या बांधलेले सावरगावचे दोन आणि पांढुर्ण्याचे तीन वीर एकाच रांगेत मांडीला मांडी लावून बसलेले. आम्ही बायका वर बाल्कनीत. शास्त्रात नायकाचे चार प्रकार सांगितलेत. गंजीफ्राक घालून जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलणारा पाचवा प्रकार मी काल पाहिला. तोही नायक नव्हे, नायकाचा मित्र. पण तू पडद्यावर आलास आणि वहिनींनी माझा दंड असा धरला की आज तिथे निळं झालंय. खाली कोणी तरी ओरडलं, ‘अबे, हा त आपला दत्त्या होय!’ शेजारच्या बाईंना वहिनी म्हणाल्या, ‘पोरगा वाळून गेला माहा.’ बाई म्हणाल्या, ‘वाळला कुठी, पावडर जास्त झाली.’

आणि मग ती तुझी चूक आली. मालकापुढे म्हणायची शुद्ध मराठीतली दोन वाक्यं तू ऐन वेळी विसरलास, घाबरून तोंडाला आलं ते झडतीच्या चालीवर ओरडलास आणि दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं, असं तू लिहिलंयस. ऐकलं मी ते:

‘बोंड आमचं, रुई तुमची, गाठ गेली मुंबईले,
सदऱ्याले माह्या ठिगळ पाह्यजे, सूत नाही सुईले!’

मग तू गप्प झालास. मान वर, डोळे मालकावर, पापणी हलत नाही. पडद्यावर सगळं शांत. आणि त्या शांततेत खाली, अंधारात, पुढच्या स्वस्त बाकांवरून एक आवाज उठला, ‘एक नमन गौ…रा पार्वतीऽऽ!’ आणि सगळी टॉकीज, वर बायकांसकट, ‘हर बोला हर हर महादेव!’ पुढचं काही ऐकूच आलं नाही. लोकांनी बाकं बडवून मशीन थांबवायला लावलं आणि ऑपरेटर कवडूने ते रीळ पुन्हा दाखवलं. दुसऱ्या वेळी तर पट्टीवाले पाचही जण उभे राहून ओरडले. सावरगाव आणि पांढुर्णा एका सुरात ओरडले, हे मी माझ्या हयातीत प्रथमच ऐकलं.

दत्तू, शब्द चुकून आले असतील, मान्य. पण त्यांच्यानंतर तू थांबलास, ते काय चुकून? तिथे मुंबईत, दिव्यांखाली, तुला उत्तर देणारं गाव नव्हतं. घाबरलेला माणूस तिथे काहीतरी बडबडला असता. तू मात्र समोर गाव आहे असं धरून चाललास आणि त्याच्यासाठी जागा राखून उभा राहिलास. नसलेलं आहे असं मानून त्यात उभं राहणं, यालाच जर अभिनय म्हणत नसतील, तर मी इतकी वर्षं नाटकं फुकट शिकवली.

परतीच्या बसमध्ये पुढे, डोक्यावरून दुपट्टा ओढून, एक ओळखीची पाठ उभी होती. वहिनींनी हाक मारली तेव्हा वळावंच लागलं. ‘दोर घ्याले आलतो,’ भैय्याजी पुटपुटले. वहिनी म्हणाल्या, ‘मंग दोर कुठी हाय?’ त्यावर त्यांनी दुपट्टा आणखी पुढे ओढला. कंडक्टरने तिकीट विचारलं तर ‘सौंसर’ एवढंही धड उमटेना. आवाज पार बसला होता.

तुझ्या त्या पत्राबद्दल मी त्यांना बसमधून उतरल्यावर सांगितलं. त्यांना लगेच विहिरीवरची मोटर आठवली. आज सकाळी मात्र मी चहा ठेवते तोच दारात हजर, हातात तिकीट लावलेलं पाकीट. म्हणाले, ‘लिही त्याले.’ तेव्हा हे पत्र माझं वाटलं तरी माझं नाही. मी नुसती लेखणी, आणि जरा जास्त बडबडणारी. त्यांचा मजकूर थोडका आहे, बसक्या आवाजात सांगितला तसाच देते: ‘बगीच्यात माणसं पुरे हायेत, तुही जागा नाही. त्या सिनेमावाल्याले हो म्हण. पुढच्या पोळ्याले मात्र ये. बैल मी धरतो, झडती तू म्हण.’ एवढं सांगून त्यांनी चहा बशीत ओतला आणि तो निवेपर्यंत फुंकर घालत बसले. आता पत्र टाकायला स्वतः पांढुर्ण्याच्या स्टेशनावर जाणार आहेत. इथल्या पेटीवर त्यांचा भरवसा नाही, आणि टॉकीज वाटेतच लागते. तीनचा खेळ त्यांना गाठायचाय, म्हणून थांबते.

तुला ‘नायक’ शब्द चालवून दाखवायला लावणारी,
तुझीच
सुधाआत्या