ग्रॅहम की हेलन

रवि., २ नोव्हें.
जिंकलो. युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमची सीझनमधली पहिली मॅच, आणि माझ्या ओमनं तिघांना आडवं केलं. त्याचं कामच ते, बॉल घेऊन येणाऱ्याला पाडायचं. हाफ टाइमच्या जरा आधी जो दणका दिला, हेल्मेटवर हेल्मेट, तो पार रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. समोरचा पोरगा दोन मिनिटं उठला नाही. ओमही जरा उशिराच उठला. मी टचलाइनवरून ओरडत होते, ‘ठोक त्याला!’ शेजारच्या बायका सरकून उभ्या राहिल्या. राहू देत. कोल्हापुरात तालमीला लागून घर होतं आमचं.
मॅचनंतर कळलं, हेड कोच साउथहॅम्प्टनला चालला, नोकरी बदलली. आता दोन नावं. ग्रॅहम, डिफेन्स शिकवतो, खरा वस्ताद. आणि हेलन, शाळेत पीटी शिकवते, स्वतः खेळलेली. पुढच्या रविवारी पालक आणि फॅन्सची मीटिंग, हात वर करून मत. नेमणार मुलांची कमिटी, पण आमचं ऐकतात.

मंगळ., ४
पालकांच्या ग्रुपवर दुपारपर्यंत शंभरावर मेसेज. कीथ, म्हणजे क्वार्टरबॅकचा, बॉल फेकणाऱ्या पोराचा बाप, हेलनचा भगत. लिहितो, ग्रॅहम कोच नाही, खाटीक आहे, प्रॅक्टिसमध्ये पोरांना एकमेकांच्या अंगावर सोडतो आणि एक पडेपर्यंत थांबवत नाही. मी लिहिलं, बॅले शिकवायचा असेल तर हेलन उत्तम. सोळा जणांनी हसून दाखवलं.
श्री म्हणाला, ‘अगं, तू कॅज्युअल्टीतली नर्स ना? हे धोक्याचं आहे हे नवऱ्यानं सांगायला हवं का तुला?’ म्हटलं, गिळ आणि गप बस.
ओम: ‘आई, माझा डोकं दुखतोय.’ टॉर्चनं डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, सारख्या. मग वार उलटे म्हणायला लावले, मराठीत. शनिवार, शुक्रवार, मंगळवार... थांबला. मी हसले. इथल्या पोरांच्या मराठीची बोंबच. पॅरासिटामॉल दिली, झोप म्हटलं.

गुरु., ६
ट्रेनिंग बघायला गेले. ग्रॅहमनं एका पोराला हेल्मेटच्या जाळीला धरून ओढलं, म्हणाला, ‘पुन्हा.’ तोंडातून रक्त येत होतं, तरी धावला. ओम तीनदा धावला, तिसऱ्यांदा पडला. खरं सांगायचं तर बघून बरं वाटलं. अंगात आलं माझ्या.
कार पार्कमध्ये कीथ आडवा आला. ‘तुझा मुलगा म्हणजे ग्रॅहमचा हातोडा. दांडा तुटला की फेकून देईल.’ मी ढकललं. त्यानं माझा हात झटकला. मग मी चहाचा फ्लास्क हाणला. स्टीलचा, एक लिटरचा, भरलेला. त्याची भुवई फुटली, शर्टभर रक्त. मग मीच बॅगेतून गॉज काढून दाबून धरला. मीच सांगितलं, तीन टाके पडतील. तो म्हणाला, पोलिसांत जाणार नाही, पण तू वेडी आहेस.
लाज वाटते? वाटते. पण मत ग्रॅहमलाच.

शुक्र., ७
शिफ्टला एक रग्बीवाला पोरगा आला. डोक्याला मार. आई म्हणते, दमलाय फक्त. मी म्हटलं, महिने उलटे सांग. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑगस्ट... आणि इंग्लिश तर त्याची जन्माची भाषा. मला मंगळवारचा ओम आठवला.
ओमला वार उलटे पाच वर्षांचा असल्यापासून येतात. जिना उतरताना एकेका पायरीवर म्हणायचा. लीड्सच्या मराठी शाळेत बक्षीस घेतलंय त्यानं. त्याची मराठी नव्हती चुकत. बावीस वर्षं नर्स मी, आणि त्याला हसले. वर परत मार खायला पाठवला. माझ्यासारखी मूर्ख मीच.
घरी येऊन विचारलं. म्हणतो, मॅचचा सेकंड हाफ आठवतच नाही. काहीच. सगळ्यांना मी त्याच हाफचं कौतुक सांगत फिरले. ‘ग्रॅहमला माहितेय. तो बोलला, तू ठीक म्हणतो तर ठीक. आई, तू कोणाला सांगायची नाही.’ मी फोन उचलला तर त्यानं बाथरूमच्या दारावर बुक्की घातली. भोक पडलं. बोटांना बर्फ लावताना दोघंही रडलो.

शनि., ८
श्री आणि मी ओमला हॉस्पिटलला घेऊन गेलो. स्कॅन साफ, देवाची कृपा. पण कन्कशन आहेच, मेंदूला हादरा. डॉक्टर म्हणाली, हे बरं व्हायच्या आत दुसरा दणका बसला तर जीव जाऊ शकतो. हे वाक्य मी स्वतः किती आयांना सांगितलंय.
ग्रॅहमचा फोन. उद्या मी बोलावं म्हणतो. नर्स बोलली की हॉल ऐकतो. ओमचं विचारलं तर म्हणाला, मीटिंग होऊ दे, मग बघू. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नकार का नाही दिला?
ओम एवढंच म्हणाला, ‘तू बोलली तर संपला. मी तुझा मुलगा नाही.’

रवि., ९
कीथ पहिल्या रांगेत, भुवईला पट्टी. ग्रॅहमनं माझी ओळख करून दिली: ‘आई, नर्स, आणि माझ्या बाजूची.’ उभी राहिले. सगळं सांगितलं. दणका, सेकंड हाफ, ग्रॅहमला माहीत होतं ते. माझं हसणंही सांगितलं, फ्लास्कही. ग्रॅहम म्हणाला, ती बिचारी भावनेच्या भरात आहे. मागून एका जुन्या खेळाडूनं खुर्ची फेकली, माझ्या पोटरीला लागली. कीथचा मुलगा त्याच्यावर धावला, चौघं जमिनीवर लोळले. स्टेजवरून हेलन ओरडत होती, ‘थांबा.’ कोणी थांबलं नाही.
हात मोजले. हेलन. ओम त्याआधीच उठून गेला होता.

गुरु., १३
कमिटीनं हेलनला नेमलं. तिनं पहिल्याच दिवशी ओमला सीझनभर बाहेर ठेवलं. बरोबर केलं. ओम चार दिवस माझ्याशी बोलला नाही.
आज बोलला. ग्रॅहमला शहरातल्याच एका क्लबनं हेड कोच केलंय, मोठ्या माणसांची टीम. त्याला ओम हवाय. वीस वर्षांचा आहे, तब्येतीच्या फॉर्मवर त्याचीच सही चालते, नर्स-आईला कोण विचारतं. ‘मी ठीक आहे असं लिहिलं मी. बाजूला हो, आई.’ खांद्याला धरून मला हलवायला गेला. दुखलं. मी दारातून हलले नाही. त्याचा हात मागे आला, तोही घाबरला.
श्रीला फोन केलाय, ट्रॅफिकमध्ये आहे. मी दाराला पाठ लावून खाली बसलेय, हे तिथेच लिहितेय. ओम जिन्याच्या तळाशी बसलाय, बूट घालून, माझ्याकडे बघत. त्याचं ट्रेनिंग सातला. वीस मिनिटं आहेत.