मैत्रीचा वरचा सुळा

९ मे, शुक्रवार

आणलं पोरीला घरी! गाल असा फुगलाय, जसा कुणी आत अख्खा लाडू कोंबलाय.

मैत्रीचा वरचा सुळा हाडातच अडकून बसला होता. डॉक्टरीणबाईंनी हिरडी कापून तो उघडा केला, त्याला एक बारीक साखळी चिकटवली आणि तिचं टोक दातांच्या तारेला बांधलं. आता महिनोन् महिने हळूहळू ओढत त्याला खाली आणायचं. विहिरीतून पोहरा ओढतात तसं. साखळी सुटली तर पुन्हा कापावं लागेल, म्हणून बाईंनी बजावलंय — "जीभसुद्धा लावू नकोस."

'दात आहेत तर चणे नाहीत' म्हणतात. आमच्याकडे चणे डबाभर; आजीला दात नाहीत, न् नातीचा दात लपून बसलेला!

अनिरुद्ध आणि अस्मिता कामावर जाणार, पोर माझ्या हवाली. "आई, फक्त मऊ आणि गार द्या हं," सूनबाई दारातूनही सांगत होती.

१० मे

भाताची पेज केली. मीठ घालायला विसरले. तोंड उघडत नाही, तर बाईसाहेबांनी फोनवर लिहून दाखवलं — "आजी, हे खायचंय की भिंतीला लावायचंय?" जन्मली वारज्यात, पण जीभ थेट पुणेरी पेठेतली!

मीठ घालून दोघींनी तीच खाल्ली. मला हल्ली तिखट सोसत नाही, तोंड चरचरतं. वय झालं.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

विहारात गेले नाही. खीर केली, गार करून भरवली. पहिल्यांदा हसली. अर्ध्याच गालाने, पण हसली.

१३ मे

काय करून बसले मी!

दुपारी ठणका लागला. गोळीला अजून वेळ होता. उशीत तोंड खुपसून पोर कण्हत होती. मला बघवेना. दाढ ठणकली की आमची आई भाजलेल्या तंबाखूची मिसरी दाबायची. मीही जन्मभर तेच केलं. डबी कमरेलाच. चिमूटभर बोटावर घेतली.

"आजी, नको ना."

"अगं, बघ तर. लगेच बधिर होतं."

बोट आत घातलं. नखात काहीतरी अडकलं. ती किंचाळली. हात बाहेर ओढला तर नखाला ती साखळी लोंबतेय, तारेपासूनही सुटलेली, टोकाला दातावर चिकटवलेलं इवलंसं बटण.

चूळ भरायला लावली. काळं पाणी. मग लाल.

संध्याकाळी अस्मिताने विचारलं, कसं झालं? माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मैत्रीच बोलली — "पापड खाल्ला गं, आई." मग काय! "नववीत जाशील आता, अक्कल कधी येणार?" पोर खाली मान घालून ऐकत राहिली. आणि मी ओट्याशी भांडी घासत उभी. घासलेलीच.

अनिरुद्ध शाळेत असताना त्याच्या पाटीवर अक्षरं गिरवून लिहायला शिकले. आज हात चालत नाही.

१४ मे

पुन्हा कापलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी दिवा लावून आत पाहिलं. "पापडात हे काळं काय असतं?"

मैत्री हळूच म्हणाली, "मिसरी. मीच लावली."

तिथे माझा धीर सुटला. "नाही हो बाई. मी लावली. माझ्याच बोटाने तुटली."

"मिसरीने बरं होत असतं, तर आजी, मी इतकी वर्षं कॉलेजात कशाला घालवली असती?"

अस्मिताने माझ्याकडे पाठ केली आणि पोरीचा हात धरला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर बसले. दारातून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. पुन्हा सुई, पुन्हा टाके. मायेने करायला गेले आणि तिला आगीतून फुफाट्यात टाकलं.

निघताना बाईंनी मलाच खुर्चीत बसवलं. "आता तुमचं तोंड बघू." गालाला आतून पांढरा चट्टा आहे म्हणे. जरासा तुकडा काढून तपासायला पाठवला. माझं काय एवढं! पोरीचं बघा म्हटलं.

घरी आल्यावर अस्मिता म्हणाली, "आई, उद्यापासून मी सगळं करून ठेवून जाईन. तुम्ही नका तिला काही भरवू."

बरोबरच आहे तिचं.

१५ मे

डबी कचऱ्याच्या गाडीत टाकली. हात मात्र दिवसभर कमरेशी जातोय.

१७ मे

मैत्रीने फोन पुढे केला — "आई तुला गावी पाठवेल असं वाटलं. म्हणून पापड."

वाचून फोन परत दिला. चष्मा पुसत बसले.

२२ मे

रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. अगदी सुरुवात, कापून निघेल म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर्षभराने आला असतात तर मला असं सांगता आलं नसतं."

अस्मिता माझ्याशेजारी बसली. "आई," म्हणाली आणि माझा हात धरला. सोडलाच नाही.

मैत्रीने पेज केली. गार करून, चमच्याने भरवली. मीठ विसरली होती. थेट भिंतीला लावायची!

मी वाटी पुसून खाल्ली.